सुई लावायची की नाही

गरोदर बाईच्या पोटाच्या भिंतीत घट्ट गाठ हाताला लागली, की घरातून पहिला सल्ला येतो: सुई लावू नका, गाठ भडकते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही हा सल्ला जुन्या ठाण्याइतकाच मुरलेला आहे. सोनोग्राफी वाघबीळला, मानपाड्याला घराजवळ होते. अडतं ते सुईने गाठीचा तुकडा काढण्यापाशी, म्हणजे बायोप्सीपाशी.

ही भीती किती महाग पडते, ते डेस्मॉइड नावाच्या दुर्मीळ गाठीवरून कळतं. दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम पाच-सहा जणांना ती होते. तरुण बायकांमध्ये ती अनेकदा गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूत उगवते. ताणलेला स्नायू आणि इस्ट्रोजेन यांचा त्यात हात असावा असं मानतात. ग्लासगोचे सर्जन मॅकफार्लेन यांनी १८३२ मध्ये तिचं वर्णन केलं. ती दगडासारखी कडक असते, भराभर वाढू शकते, शेजारच्या स्नायूत शिरते. थेट सार्कोमा हा कर्करोगच वाटावा. पण फुप्फुसात, यकृतात ती पसरत नाही. हा फरक एमआरआय खात्रीने सांगू शकत नाही. तुकडा काढून पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन साठलंय का, ते पाहावं लागतं. आणि पाहणाऱ्याच्या नजरेखालून अशा गाठी आधी गेलेल्या असाव्या लागतात. म्हणून बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन परळला टाटा मेमोरियल गाठण्याचा खटाटोप मला सार्थ वाटतो. जागा बधिर करून ही बायोप्सी गरोदरपणातही करता येते. सुईमुळे गाठ पसरल्याची उदाहरणं फार विरळा.

पूर्वी निदान झालं की लगेच मोठं ऑपरेशन व्हायचं, तरी अनेकदा गाठ पुन्हा यायची. आता बहुधा आधी नुसतं लक्ष ठेवतात. काही गाठी बाळंतपणानंतर आपोआप आटतात. म्हणजे सुई टाळणारं घरही थांबतं आणि निदान झालेलं घरही. पण एका घरात डॉक्टर गाठ मोजत असतात, दुसऱ्या घरात कदाचित सार्कोमा वाढत असतो आणि कुणालाच पत्ता नसतो. या दोन थांबण्यांना एकच समजणं मला सगळ्यात घातक वाटतं.

बाईचा स्वतःचा प्रश्न वेगळाच असतो: दुसरं मूल होऊ देऊ का? त्याचं उत्तर नवऱ्याला आणि सासूला बाहेर बोलावून नव्हे, तिला समोर बसवून द्यायला हवं. २०१४ मध्ये ९२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात गाठ वाढू शकते हे त्यात दिसलं. पण पुढचं गरोदरपण टाळलंच पाहिजे, असं त्यातून निघालं नाही.