सवलत कुणाच्या घरात गारवा आणते?

कमी विजेत घर उबदार किंवा थंड राहावे म्हणून सरकारने नागरिकाला पैसे द्यावेत, ही कल्पना आता बहुतेक श्रीमंत देशांत रुळली आहे. जुनी भट्टी काढून हीट पंप बसवा, भिंतींना उष्णतारोधक अस्तर द्या, जुना एसी मोडीत काढा, आणि खर्चाचा काही भाग सरकारकडून घ्या. हेतूबद्दल वाद नाही. प्रश्न असा की हा पैसा दिल्यामुळे काय घडले, जे एरवी घडले नसते? ज्याने तो एसी तसाही घेतलाच असता, त्याच्या हाती पडलेली सवलत ही बक्षिसी ठरते. सवलतीची किंमत तिने कुणाची कोणती अडचण दूर केली यावरच ठरवायला हवी. ही कसोटी लावली की आजवरच्या अनेक योजना तोकड्या पडतात आणि आपल्याकडे काय करायला हवे तेही स्पष्ट दिसू लागते.

अमेरिकेत अशा खर्चावर बराच काळ प्राप्तिकरात सूट मिळत असे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील सेव्हरिन बोरेनस्टीन आणि लुकस डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी 2006 ते 2012 या काळातील हरित करसवलतींचा हिशेब तपासला. उत्पन्नाच्या उतरंडीत वरच्या पाचव्या हिश्शातील कुटुंबांना सुमारे 60 टक्के लाभ मिळाला होता, तर खालच्या तीन हिश्शांना मिळून जेमतेम 10 टक्के. कारण साधे आहे. आधी स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर घालायचे आणि पुढच्या वर्षी करातून वजावट घ्यायची, हे ज्याच्याकडे शिल्लक आहे आणि ज्याला कर भरावा लागतो त्यालाच जमते. 2022 च्या कायद्याने हा दोष ओळखला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला हीट पंपासाठी 8,000 डॉलरपर्यंतची रक्कम खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा करून मिळावी, अशी वेगळी तरतूद त्यात आली. पण ती राज्यांमार्फत राबवायची होती, उत्पन्नाची पडताळणी करायची होती. त्यामुळे पहिले राज्य प्रत्यक्ष रक्कम देऊ लागेपर्यंत 2024 उजाडले. करातली सूट मात्र या काळात सुरूच राहिली आणि 2025 अखेरीस नव्या कायद्याने बंदही झाली.

इटलीने उलट टोक गाठले. 2020 मध्ये तेथील सरकारने घराच्या ऊर्जासुधारणेवर खर्चाच्या 110 टक्के परतावा जाहीर केला, आणि तो हक्क बँकेला किंवा कंत्राटदाराला विकण्याची मुभा दिली. पैशाची अडचण अशा रीतीने पूर्ण दूर झाली, पण तिच्याबरोबर घासाघीसही संपली. स्वतःचा एक युरोही जाणार नसेल तर मालक कंत्राटदाराला दर कशाला विचारेल? दर चढले, खोट्या कामांची बिले निघाली आणि तिजोरीवर 12,000 कोटी युरोंहून अधिक भार पडला. एवढ्या पैशात देशातल्या इमारतींचा अगदी लहान भाग सुधारला. म्हणजे सवलत मोठी असणे आणि ती नेमकी असणे या निराळ्या गोष्टी आहेत.

बचतीच्या भाकितांवरही विसंबता येत नाही. मेक्सिकोने 2009 पासून जुने फ्रिज आणि एसी बदलून देण्याची मोठी योजना राबवली. नंतरच्या अभ्यासात दिसले की फ्रिजमुळे झालेली बचत भाकिताच्या सुमारे पावपट होती, आणि एसी बदललेल्या घरांत विजेचा वापर चक्क वाढला. थंड हवा स्वस्त झाली, तेव्हा लोकांनी ती जास्त वापरली. यावरून काही जण म्हणतात की सवलती बंद करा, वीज महाग करा, लोक आपोआप काटकसर करतील. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. उकाड्यात रात्रभर झोप न लागणाऱ्या घरात वापर वाढला तर ते योजनेचे अपयश नाही, ती त्या घराची गरज होती. फक्त तिला वीजबचत म्हणून कागदावर दाखवू नये. आणि महाग विजेचा मार सर्वप्रथम त्याच घरावर बसतो, ज्याच्याकडे चांगले उपकरण घ्यायला पैसे नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: श्रीमंतांनी आधी घेतले की उत्पादन वाढते, किंमत उतरते आणि मग सर्वांना परवडते. सौर पॅनेलच्या बाबतीत जर्मनीने दिलेल्या चढ्या दरांमुळे हे खरोखर घडले. पण तेव्हा ते तंत्रज्ञान कोवळे होते. इन्व्हर्टर एसी आज घराघरातील जाहिरातींत आहे. त्याला बाजारात उभे करण्यासाठी सार्वजनिक पैशाची गरज उरलेली नाही. शिवाय किंमत उतरवायला सवलतच लागते असेही नाही. आपल्याकडच्या उजाला योजनेत एलईडी बल्बची घाऊक मागणी एकत्र केली गेली आणि 310 रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. ज्याला एकरकमी पैसे देणे जड जात होते त्याला बिलातून हप्ते भरण्याची सोय मिळाली. आधी अडचण ओळखली, मग उपाय ठरला.

महाराष्ट्रात हीच दृष्टी हवी. आपल्याकडे एसी असलेली घरे अजून थोडी आहेत. उन्हाळा बहुसंख्य लोक पंख्याखाली आणि अनेक जण पत्र्याखाली काढतात. तेव्हा पंचतारांकित एसीवर सूट देण्याआधी पंखा आणि छप्पर यांचा विचार व्हायला हवा. साधा पंखा सुमारे 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास, वर्षात तीनशे दिवस चालला तर एका पंख्यामागे दीडशेहून अधिक युनिट वाचतात. पण तो जवळपास दुप्पट महाग असतो आणि तिथेच गाडे अडते. छपराची अडचण निराळी. उन्हात तापलेल्या पत्र्याला किंवा स्लॅबला पांढरा परावर्तक थर दिला तर खालची खोली निवते, पण छप्पर मालकाचे आणि उकाडा भाडेकरूचा. इथे मालकालाच पैसे द्यावे लागतील, आणि त्या बदल्यात काही वर्षे भाडे न वाढवण्याची अट घालावी लागेल.

पात्र कोण, हे शोधायला अमेरिकेसारखी कागदपत्रे गोळा करावी लागणार नाहीत. महिन्याला 100 युनिटच्या आत राहणारा ग्राहक वीजबिलावरच दिसतो. एकाच घरात दोन मीटर घेणारे काही जण त्यात शिरतील; तेवढी गळती सोसावी. या ग्राहकाला वीज सरासरी पुरवठा खर्चापेक्षा स्वस्त दिली जाते, म्हणून त्याने वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे महावितरणचाही तोटा घटतो. पंख्याचा हप्ता बिलात लावण्यात कंपनीचे हित आहे ते यासाठी. त्याच बिलात आधीच्या उन्हाळ्याचा आणि नंतरच्या उन्हाळ्याचा वापर शेजारी शेजारी छापावा, आणि सर्व लाभार्थ्यांची एकत्रित आकडेवारी दरवर्षी वीज नियामक आयोगापुढे जाहीर मांडावी. मीटरचे वाचन दर महिन्याला होतेच. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.