सहावा दिवस

जूनचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या कंधारच्या एस.टी. स्टँडवर एक निराळीच गर्दी दिसू लागते. बॅगा, गादीची वळकटी, फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी, आणि पोराच्या खिशात शेवटच्या क्षणी नोट कोंबणारी आई. नोट घेताना पोरगा इकडेतिकडे बघून घेतो, कुणी मित्र पाहत तर नाही ना! मी शाळेत चित्रकला शिकवतो, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा दुसऱ्यांचे निरोप पाहत उभे राहण्याची खोड मला असावी, यात नवल नाही. नांदेडच्या गाडीत चढणाऱ्या या मुलांच्या दोन तऱ्हा मला आता लांबून ओळखू येतात. पहिल्यांदा जाणारा बावरलेला असतो, पण धावत जाऊन खिडकी धरतो. सुट्टी संपवून परत जाणारा सर्वांत शेवटी चढतो. लोक म्हणतात, हा सरावला. मला तसे वाटत नाही. पहिल्या वर्षी मुलाला घरचे पाठवतात. दुसऱ्या वर्षी त्याला स्वतःलाच जावे लागते, आणि तिथे काय वाढून ठेवले आहे ते त्याला ठाऊक झालेले असते.

त्यातून आमच्याकडे कॉलेज उघडते ते नेमके पेरणीच्या तोंडावर. मृग निघतो सात-आठ जूनला; तो कोरडा गेला तर सारे आर्द्राकडे डोळे लावून बसतात. आभाळ भरून येते आणि त्याच आठवड्यात पोराचे वर्ग सुरू होतात. ज्यांनी हे वेळापत्रक घातले त्यांनी उन्हाळ्याचा विचार केला असेल, तिफणीचा केलेला दिसत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजात परत न जाण्यासाठी एक कारण दरवर्षी आपसूक मिळते, आणि ते इतके सोज्वळ असते की कुणी त्याला बोट लावू धजत नाही.

माझ्या आजोबांच्या पिढीला असले कारण शोधावे लागले नाही. त्यांच्या वेळी कॉलेज म्हणजे औरंगाबाद, नाहीतर थेट हैदराबाद. तिथले उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचे, पण शिकवणे उर्दूतून. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली आणि दोन वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे कॉलेज सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ ला नांदेडला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आणि आमच्या कंधारात तर भाई केशवराव धोंडग्यांनी संस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घालून ठेवला. सांगायचे ते एवढेच की ‘सोय नव्हती’ असे म्हणण्याची सोय माझ्या पिढीला उरली नव्हती. आम्हांला याहून चांगली सबब लागत होती.

यंदा माझा पुतण्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जायचा होता. जायची वेळ आली तसा तो रात्री माझ्या ओसरीवर येऊन बसला.

“काका, यंदा पेरणीपुरता थांबतो म्हणतो. बाबा एकटे पडतात. तुम्ही नव्हता का थांबलात?”

खरे सांगतो, ऐकून मला आधी बरेच वाटले. आपला दाखला पुढच्या पिढीने द्यावा, याहून मास्तराला काय हवे?

“पेरणी किती दिवसांची?” मी विचारले.

“ट्रॅक्टर आला तर अर्ध्या दिवसाची.” मग थोडे थांबून, “तुमची किती दिवस चालली होती?”

“पाच दिवस. तिफणीची पेरणी होती.”

“मग सहाव्या दिवशी का नाही गेलात?”

त्याने काही खोचकपणे विचारले नव्हते. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी तर नव्हताच नव्हता.

ते १९९६ साल. दहावीला बरे गुण पडले म्हणून मी नांदेडला अकरावी सायन्सला नाव घातले. आठ दिवस राहिलो. शिकवणे इंग्रजीतून, फळ्यावरचे उतरून घ्यायचो, पण उतरवले ते काय हे कळत नसे. शाळेत मी हुशार होतो. इथे हजेरीतला एक आकडा होतो. त्या आठ दिवसांत कुणी मला नावाने हाक मारली नाही. यात कुणाचा दोष नव्हता. शंभर पोरांत कोण कुणाला हाक मारणार? नवव्या दिवशी पाऊस पडल्याची बातमी आली. मला आनंद झाला. तो पावसाचा आनंद नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होते.

गावी आलो. बापूंची तिफण, आईची चाड्यावर मूठ. मी बियाण्याची पाटी घेऊन त्यांच्या मागे. ज्वारी, मूग, तूर पाच दिवसांत पेरून झाले. सहाव्या दिवशी मी बैल धुतले. त्यानंतर मी कॉलेजचे नाव काढले नाही आणि बापूंनीही काढले नाही. पुढे दहावीच्या बळावर चित्रकलेची पदविका मिळाली, तिच्यावर ही मास्तरकी.

गीतेतला पहिला अध्याय काढून पाहा. अर्जुन जी कारणे देतो त्यांतले एकही खोटे नाही. कुळाचा नाश, पितरांचे हाल, सारे खरेच. पण क्रम कसा आहे पाहा: आधी त्याच्या अंगाला कापरे भरते, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळते, कारणे त्यानंतर येतात. कारण खरे आहे म्हणून ते आपले आहे असे होत नाही. बापूंना माणूस हवा होता हे खरे. मी त्यासाठी थांबलो हे खरे नाही. (अर्जुनाला निदान सारथी तरी धड मिळाला, माझ्या परतीच्या गाडीचा कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडत होता.)

भीती वाटली, यासाठी त्या सोळा वर्षांच्या पोराला मी केव्हाच क्षमा केली आहे. पण पुढे त्या भीतीला मी त्याग म्हणू लागलो, आणि त्यागाचे भाडे वसूल केले, ते करणारा माणूस सोळा वर्षांचा नव्हता. ‘घरासाठी शिक्षण सोडले’ हे मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगितले, भाषणांत सांगितले, एका कादंबरीच्या नायकाच्या गळ्यातही बांधले. धाकटा भाऊ हे ऐकतच वाढला. तो बी.ए. झाला आणि शेतीत आला. बापूंच्या माघारी वाटणी निघाली तेव्हा पंचांनी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, “विहिरीकडचा तुकडा अण्णाला द्या. अण्णानं माझ्यासाठी शिक्षण सोडलं.” मी नको म्हटले नाही. त्या विहिरीवर माझा हरभरा दरवर्षी भिजतो. त्याचे रान कोरडवाहू आहे.

हे सारे त्या रात्री मी पुतण्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याचेही बाहेर आले. दोन विषय राहिले होते, खोलीतला सोबती दुसरीकडे गेला होता, आणि परत जाऊन वर्गात पहिल्या दिवशी कुठल्या बाकावर बसायचे हेच त्याला सुचत नव्हते. हसू नका. एवढ्याशा गोष्टीवर माणसांची आयुष्ये वळण घेतात.

पेरणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. मी स्टँडवर होतो. गाडी हलण्याआधी खिडकीतून त्याने विचारले, “बाबांना माहीत आहे हे?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

तीन आठवडे त्याचे फोन तुटक येत होते. मग एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, की खानावळीतल्या मावशी आता नावाने हाक मारतात, उशीर झाला तर भाकरी झाकून ठेवतात. मी पुढे काही विचारले नाही.

दिवाळीची सुट्टी लागली की तो येईल. हा अंकही त्याच सुमारास गावात येतो, आणि धाकट्याला वाचनाची आवड आहे. त्याने ते छापलेले वाचावे, हे बरे नव्हे. माझ्या घरापासून त्याचे घर विहिरीवरून गेले तर दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. मी हे लिहून पाकिटात घातले आहे. पाकीट टपालात टाकण्याआधी तिकडे जाऊन येतो.