जावयाचे घड्याळ

लग्नात जावयाला घड्याळ द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आमच्या धाकटीचे लग्न यंदा झाले, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांनी ते घड्याळ जावयाच्या मनगटावर पाहिले आणि आमचे कौतुकही केले. त्या कौतुकाने आम्हा नवरा-बायकोची झोप उडाली होती. आता जावयाला सारे सांगून झाले आहे, म्हणून ही हकिकत इथे लिहितो.

घड्याळ पुतण्याने मुंबईहून आणले. तबकडीवर एका नामांकित स्विस कंपनीचे नाव, आत तीन लहान तबकड्या, चावीच्या वर एक आणि खाली एक बटण. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. नेहमीची वेळ दाखवता दाखवता शर्यतीची वेळही ते वेगळी मोजते. खरे घ्यायचे तर काही लाख रुपये. पुतण्याने आणले ते साडेसहा हजारांना. "काका, कॉपी आहे, पण फर्स्ट कॉपी. मशीन एक नंबर. वेळेत फरक पडला तर मला सांगा," तो म्हणाला. आम्ही घेतले. मांडवात कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

मनाची समजूत आम्ही अशी घातली की घड्याळाचे काम वेळ दाखवणे. ते काम चोख होत असेल तर वर कोणाचे का नाव असेना! कायदा विकणाऱ्याला धरतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद सांगितली आहे. आम्ही तर नुसते घेणारे. शिवाय स्विस कंपनीचे आमच्या साडेसहा हजारांनी काय बिघडणार? तिचे खरे घड्याळ आम्ही जन्मात घेतले नसते.

या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, ते नाकारायचे नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. यांत्रिक घड्याळाच्या मशीनची परीक्षा घेणारी सीओएससी नावाची संस्था स्वित्झर्लंडमध्ये आहे. ती दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच सूट देते. चांगली नक्कलही काही दिवस या मापात बसू शकते. वाल्जू ७७५० हे १९७० च्या दशकातले स्विस क्रोनोग्राफ मशीन तासाला २८,८०० ठोके देते, आणि चीनमध्ये त्याची हुबेहूब मशीन बनतात. तिथले कारागीर काही कच्चे नाहीत. तिआनजिनच्या सीगल कारखान्यातले क्रोनोग्राफ मशीन १९६० च्या दशकात उभे राहिले, ते स्विस व्हीनस मशीनची यंत्रसामग्री पैसे मोजून आणून. आज ते घड्याळ सीगल याच नावाने विकले जाते आणि लोक आवडीने घेतात. म्हणजे चिनी मशीन असणे हा काही दोष नव्हे.

आमच्या घड्याळाची वेळही बरोबरच होती. अडचण निराळीच आली. जावई शाळेत क्रीडाशिक्षक. मुलांची शंभर मीटरची शर्यत होती, म्हणून त्यांनी मोठ्या हौसेने वरचे बटण दाबले. खऱ्या क्रोनोग्राफमध्ये मोठा सेकंद काटा बटण दाबेपर्यंत उभा असतो. इथे तो सदाच फिरत होता, आणि बटण दाबले की लहान तबकडीतली तारीख एक घर पुढे सरके. त्यांचा फोन आला, "बाबा, काहीतरी बिघडलंय. एवढ्या मोठ्या कंपनीचं घड्याळ, असं व्हायला नको. वॉरंटी कार्ड पाठवता का? पुण्यात दाखवून घेतो."

आम्ही घाईने म्हणालो, "जावईबापू, पुण्याला कशाला? इकडेच पाठवा, आमचे ओळखीचे आहेत." हे दुसरे खोटे. पहिले न बोलता झाले होते, हे तोंडाने बोललो.

धाराशिवला आम्ही वर्षानुवर्षे ज्या चाचांकडे जातो, त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले. "बिघाड काहीच नाही. बनवलंच असं आहे. बटणं तारीख-वार बदलायची. शर्यत मोजायचं सामानच आत नाही," ते म्हणाले. मशीनमध्ये तेलही जवळजवळ नव्हते. किती दिवस चालेल? "आज चालतंय. पार्ट गेला तर कुठून आणू? कुणी बनवलं तेच ठाऊक नाही." मग आमच्या मनगटाकडे बोट दाखवले. तिथे वडिलांची एचएमटी जनता आहे, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडणारी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला सुरू झालेला तो घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद करायचे ठरले. तरी तिचे चाक चाचा अजून कुठून ना कुठून मिळवतात. तिच्यावरही आम्ही अधूनमधून चिडतो, ती गोष्ट वेगळी.

चाचांच्या पेटीत आणखी एक प्रकार होता. मशीन अस्सल जुन्या एचएमटीचे, पण तबकडी नव्याने रंगवून झगझगीत केलेली. मुंबईहून असा माल पुष्कळ येतो. याला खोटे म्हणायचे का? चाचा गिऱ्हाइकाला आधी सांगतात, "मशीन जुनं, रंग नवा." सांगितल्यावर आम्हाला तरी त्यात खोट दिसत नाही.

घरी येताना आम्ही दोघे एकाच गोष्टीवर बोलत होतो. पुतण्याने जरा महागातली, बटणे खरी चालणारी कॉपी आणली असती तर? तर जावयांना वर्षानुवर्षे कळले नसते आणि आम्ही निवांत झोपलो असतो. त्या विचाराने आम्ही चरकलो. मशीन जितके पक्के, तितके आमचे न बोलणे लांबले असते. चाचांनीच सांगितले की काही भारी नकलांत लहान सेकंद काटा खऱ्यासारखा नेमक्या जागी दिसावा म्हणून ७७५० च्या कॉपीत जादा चाके बसवतात. काम चालण्यासाठी त्या चाकांची गरज नसते. त्यांच्या घर्षणाचा भार सगळ्या मशीनवर येतो आणि दुखणे बहुधा तिथूनच सुरू होते.

स्विस कंपनीचे काय बिघडले ते आम्हाला अजून नीट सांगता येत नाही. पण जावयांनी बटण दाबून तारीख सरकलेली पाहिली, तेव्हा त्यांनी घड्याळावर शंका घेतली, आमच्यावर नाही. आठवी आज्ञा आम्ही लहानपणी पाठ केली होती. खोटी साक्ष म्हणजे कोर्टातली, अशीच आमची तेव्हापासूनची समजूत.

मंगळवारी रात्री फोन केला. आधी यांनी बोलायचे की हिने, यावर अर्धा तास गेला. शेवटी सगळे सांगितले, किमतीसकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग जावई म्हणाले, "बाबा, शाळेत मी सगळ्यांना दाखवलंय." एवढेच. रागावले असते तर बरे वाटले असते.

घड्याळ त्यांनी अजून परत मागितलेले नाही. चाचांनी तेल घालून ते काउंटरवर ठेवले आहे. परवा मोबाइलशी ताडून पाहिले, तीन दिवसांत नऊ सेकंदांचा फरक होता.