निंदा आणि साधकाचा विवेक

‘मानभावी’ हा शब्द मराठी कोशांत ‘ढोंगी’ या अर्थाने नोंदलेला आढळतो. ‘महानुभाव’ या थोर नामाचीच ही विटंबना होय. पंथीयांनी हे लांछन पिढ्यान्‌पिढ्या सोसले. तथापि या अपसमजास एक निमित्तही घडले होते. सकळ, सुंदरी आदी लिप्यांत शास्त्र जपले गेल्यामुळे बाहेरच्यांस ते वाचता येत नसे. आणि जे वाचता येत नाही, त्याविषयी संशय सहज वाढतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे ‘लीळाचरित्र’ आदी ग्रंथ मुद्रित झाले आणि विद्वानांनी त्यांचा गौरव केला. प्रतिनिंदेने जे कदापि साधले नसते, ते ग्रंथ उघडल्याने साधले. तरीही कोशातील तो अर्थ पुसला गेलेला नाही.

साधकाने यातून बोध घ्यावा. निंदेस आपल्या वर्तनातून निमित्त मिळत असेल, तर ते शोधून दूर करावे. खोट्या आरोपास प्रमाण देऊन शांतपणे उत्तर द्यावे. एवढे करूनही जो अपवाद उरतो, तेथेच श्रद्धेची परीक्षा असते. निंदकही अविद्येने बद्ध असा जीवच आहे. त्याचा द्वेष करणे ही मनाने केलेली हिंसा होय, आणि सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उपदेशिलेली अहिंसा काया, वाचा, मने आचरावयाची आहे. जीवाची योग्यता परमेश्वर जाणतो. लोकनिंदेने ती घटत नाही. हा निश्चय दृढ झाला म्हणजे उरलेला अपवाद सोसताना नामस्मरणात खंड पडत नाही.