हळवा कांदा आणि ड्रॅगनची हाडं

मामांनी लोणंदच्या कांदा बाजारात एका आडतीवर वर्षानुवर्षं पट्ट्या लिहिल्या. भाची बी.कॉम. करते आणि 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाचा ऑनलाइन खेळ खेळते. तिच्या लॅपटॉपवर एक्सेलचा तक्ता उघडा होता. त्यावरून दोघांचं जे बोलणं झालं, ते असं.

मामा : ही कुणाची खतावणी गं?

भाची : माझीच, खेळातली. वस्तू, खरेदीचा दर, विक्रीचा दर, नग, कर, निव्वळ नफा. ग्रँड एक्स्चेंज म्हणून एक बाजार आहे त्यात. विकणारा आपला दर लावतो, घेणारा आपला. जुळलं की सौदा. कुणाला कुणाचं नाव कळत नाही. मी कमी दरानं मागणी लावून ठेवते, माल हाती आला की थोडा चढा दर लावते. ही ओळ बघा : ड्रॅगनची हाडं 2,000 नाण्यांना घेतली, 2,060 ला विकली.

मामा : साठ सुटले.

भाची : एकोणीस. विक्रीवर 2 टक्के कर आहे, त्यात 41 गेली. डिसेंबर 2021 मध्ये कर आला तेव्हा 1 टक्का होता, 2025 मध्ये दुप्पट केला. शिवाय दर चार तासांत ठरावीकच नग घेता येतात. तक्ता नसला तर नफा झाला असं वाटत राहतं आणि होत असतो तोटा.

मामा : मग खेळतेस कधी?

भाची : हाच माझा खेळ. 'ईव्ह ऑनलाइन' म्हणून दुसरा एक आहे, अंतराळातला. त्यातले लोक इतके तक्ते करतात की कंपनीनं 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर काम करून एक्सेल थेट खेळाला जोडून द्यायचं जाहीर केलं. कुणाला तलवार चालवण्यात मजा येते, मला भाव ओळखण्यात येते.

मामा : त्याला माझी ना नाही. भाव ओळखणं ही विद्याच आहे. पण ही एकोणीस नाणी आली कुठून?

भाची : विकणाऱ्याला घाई होती. त्यानं थांबायचं ठरवलं असतं तर 2,060 त्यालाच मिळाले असते. मी त्याच्या वतीनं थांबले, त्याची ही मजुरी. आणि माझ्यासारखे कुणीच नसते तर त्याला 2,000 सुद्धा मिळाले नसते. आम्ही जितके जास्त, तितका मधला फरक कमी.

मामा : हे आमचे व्यापारीही म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. गिऱ्हाईक जास्त उभं राहिलं की लिलाव चढतो, हे मी रोज बघितलंय. पण घाई कशाची, हे तू विचारलं नाहीस. आपल्या भागातला हळवा कांदा घे. खरिपाचा, पाणीदार. काढला की विकावाच लागतो. गरवा कांदा उन्हाळ्यात निघतो, चाळीत चार-पाच महिने निभतो. शेतकरी तोच, रान तेच. पण गरव्याच्या वेळी तो भावाकडे बघतो आणि हळव्याच्या वेळी आभाळाकडे. त्याची अक्कल मधल्या काळात कमी झाली काय?

भाची : पण ड्रॅगनची हाडं सडत नाहीत, मामा. खेळातली घाई ज्याची त्यानं हौसेनं केलेली असते.

मामा : सगळ्यांची?

भाची : नाही. 2017 च्या सुमारास व्हेनेझुएलात चलन पार कोसळलं, तेव्हा तिथली बरीच माणसं याच खेळात हिरवे ड्रॅगन मारत बसायची. हाडं, कातडी विकून नाणी जमवायची आणि ती डॉलरला विकून घर चालवायची. खेळाच्या नियमांत ते बसत नाही, पण चालायचं. तसा कुणी त्या 2,000 च्या सौद्यापलीकडे होता का, हे मला कळणारच नाही.

इथे भाचीनं स्वतःच्या बाजूला अडचणीचं ठरणारं उदाहरण न विचारता पुढे केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तक्ता ठेवणारा माणूस निर्दय होतो, हा सरसकट आरोप मला मान्य नाही. आकडा प्रामाणिकपणे लिहायची सवय असली की पुढचा प्रश्नही प्रामाणिकपणे पडतो. मात्र तक्ता जे विचारत नाही, ते आपण होऊन विचारावं लागतं.

मामा : बाजारातली पट्टी आठव. वजन, भाव, एकूण रक्कम. मग वजा हमाली, तोलाई, मोटारभाडं. 2016 पासून आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेवढा एक आकडा खाली गेला. तरी फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा रुपया किलोनं गेला, आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. बेरीज-वजाबाकी तपासलीस तर पट्टी बरोबर निघेल.

भाची : म्हणजे हिशेब बरोबर असून अन्याय होऊ शकतो.

मामा : अन्याय हा शब्द मी लगेच वापरणार नाही. मी एवढंच म्हणतो, की तुझ्या नफ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात पडल्यात. किती अक्कल, आणि किती थांबण्याची ऐपत?

भाची : वेगळं करता येईल थोडंफार. खेळात बदल होणार असल्याची सूचना आधी येते. ती वाचून, कुठली वस्तू महागणार हे ताडून मी माल घेतला, तर ती अक्कल. नुसती मागणी लावून झोपले आणि सकाळी एकोणीस सुटले, तर ती ऐपत. पहिल्या महिन्यात माझ्याकडे नाणीच नव्हती, तेव्हा मीही मिळेल त्या दराला विकत होते.

मामा : आणि सूचना? ती तरी सगळ्यांनाच असते ना?

भाची : असते. वाचायची कुणी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मामा : 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. बातमी शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला एकाच दिवशी कळली. पण त्या दिवसांत रानात होता तो न टिकणारा कांदा. शेतकऱ्यानं बातमी वाचून करायचं काय? कळलेलं वापरायलासुद्धा थांबता यावं लागतं. तुझे दोन रकाने वाटतात तितके वेगळे नाहीत.

भाची : मग मी काय करू? तक्ता पुसू? मी बाजारातून उठले तर त्या विकणाऱ्याचं काही भलं होणार नाही.

मामा : पुसू नकोस. ज्याला थांबता येत नाही त्याला थांबता येईल, असं काही करता येतं का बघ. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, हळद गोदामात ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. भाव आला की विकायचं. थांबायची ताकद उसनी देता येते. हळव्या कांद्याला मात्र तीही सोय नाही, तो गोदामातच नासेल.

भाची : हाडं नासत नाहीत. म्हणजे खेळात हे जास्त सोपं आहे. आमच्या गटात नवी मुलं येतात, त्यांना मी काही नाणी वापरायला देऊ शकते. फक्त, घेऊन पळाला तर शोधायचं कुठं? तिथं ना सातबारा, ना जामीन.

मामा : किती देशील?

भाची : नफ्यातला जो भाग नुसत्या थांबण्याचा निघेल, तेवढा. आधी तो मोजायला हवा. गेल्या महिन्यापासूनच्या ओळी पुन्हा बघते. तुम्ही बसा शेजारी, कुठली ओळ कशात टाकायची यावर माझं-तुमचं जमणार नाहीच.