प्राध्यापक कारखान्याचे अध्यक्ष झाले तेव्हा

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेचे पाणी पाटांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कोरड्या रानांत खेळू लागले आणि ज्वारी-बाजरीच्या शेजारी ऊस उभा राहिला. पण पाण्यामागोमाग सुबत्ता आली नाही. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, ऊस लावण्यासाठी काढलेले कर्ज अंगावर आले आणि अनेकांच्या जमिनी खाजगी साखर कंपन्यांकडे खंडाने गेल्या. १९३२ मध्ये सरकारने साखरधंद्याला संरक्षण दिले. त्याचा फायदा कारखानदाराला झाला, ऊस पिकवणारा होता तिथेच राहिला.

या परिस्थितीकडे दोन माणसे दोन बाजूंनी पाहत होती. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेले. मात्र त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली होती आणि सावकाराच्या वहीतला हिशेब त्यांना तोंडपाठ होता. दुसरे धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. नवोपक्रम, उद्योजकता, विद्यापीठ आणि उद्योग यांचे सहकार्य हे शब्द आज प्रत्येक दीक्षान्त भाषणात ऐकू येतात. ते ऐकताना मला या दोघांची भागीदारी आठवते. तिच्याकडून शिकण्यासारखे आपण अजून पुरते शिकलेलो नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गाडगीळांचा प्रवरेशी संबंध सभेच्या व्यासपीठावर सुरू झाला नव्हता. गोखले संस्थेने १९३०च्या दशकाच्या अखेरीस गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिसराची पाहणी केली होती. पाटाच्या पाण्याचा प्रत्यक्ष फायदा किती आणि अप्रत्यक्ष किती, हे त्यात तपासले होते. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बागायतदाराचे घर कशावर चालते आणि कुठे बुडते, हे प्राध्यापकांनी आधी गावोगावच्या आकड्यांतून समजून घेतले होते. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, आजच्या श्रीरामपुरात, बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. उसाचा मालक जो, तोच कारखान्याचाही मालक व्हावा, हा विचार तिथून पुढे गेला.

विचार पुढे नेण्यासाठी भाग भांडवल हवे होते. विठ्ठलराव गावोगाव फिरले. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराचा आणि व्यापाऱ्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला कारखान्याच्या कागदी भागासाठी पैसे काढायला लावणे सोपे नव्हते, आणि ते काम पुण्याच्या कोणत्याही विद्वानाला जमले नसते. उलट मुंबईतले सरकार, सहकारी बँक, कायद्याची भाषा आणि प्रकल्पाचा हिशेब ही बाजू गाडगीळांची. मुंबई राज्यात अर्थ आणि सहकार ही खाती तेव्हा वैकुंठभाई मेहतांकडे होती. त्यांचे आयुष्य सहकारी बँकेत गेलेले, त्यामुळे पाठिंबा मिळाला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. त्याचे अध्यक्षपद सुमारे दहा वर्षे गाडगीळांकडे राहिले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष होते.

या कारखान्यात नवे काय होते? यंत्रे तर पैसे मोजले की कुणालाही मिळत होती. नवी होती ती नियमांची रचना. ऊस तोडला की त्याला थांबता येत नाही, कारण तासागणिक साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याला उसाची खात्री लागते आणि शेतकऱ्याला गिऱ्हाइकाची. प्रवरेने सभासदाचा भाग त्याच्या उसाच्या क्षेत्राशी बांधला. भाग घेणारा ऊस घालायला बांधील, कारखाना तो घ्यायला बांधील. कुणाचे भाग किती, याचा मताशी संबंध नाही, एका सभासदाला एकच मत. उसाच्या बिलातून ठरावीक ठेव कापायची आणि तीच पुढच्या वाढीचे भांडवल करायची. प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाइतकाच हा शोध अस्सल आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि पतपेढी चालवणाऱ्या शेतकऱ्याने तो मिळून लावला. एकट्याला तो लागला नसता.

मुंबईत याच काळात वेगळ्या धाटणीची भागीदारी वाढत होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपली यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला तो कापडगिरण्यांच्या शहराला रंगाचे आणि रसायनांचे शास्त्र हवे होते म्हणून. १९३८ मध्ये के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. केंब्रिजहून परतलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले. माटुंग्याच्या या संस्थेत शिक्षकांनी कारखान्यांना सल्ला देणे कमीपणाचे मानले जात नसे. कारखान्यातली अडचण संशोधनाचा विषय होई आणि तो विषय सोडवणारा विद्यार्थी पुढे उद्योगाकडे जाई किंवा स्वतःच उद्योग काढी. केकी घरडांनी तिथे शिकवले आणि मग स्वतःची रसायन कंपनी उभारली. डॉ. रेड्डीज उभारणारे अंजी रेड्डी तिथलेच विद्यार्थी आणि रघुनाथ माशेलकरही. या नावांचे कौतुक आपण नेहमी करतो. शिक्षकाच्या टेबलावर कारखान्याची खरी अडचण रोज येऊन पडत होती, ही त्यामागची सवय मात्र विसरतो.

प्रवरा आणि माटुंगा यांत एक गोष्ट समान होती. ज्ञान घेऊन येणारा माणूस कुणाचा नोकर नव्हता आणि पाहुणाही नव्हता. त्याला नाही म्हणता येत होते, आणि निर्णय चुकला तर त्याची झळ त्यालाही लागणार होती.

पुढे हा तोल ढळला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि अनेक कारखान्यांच्या परिसरात महाविद्यालये उभी राहिली. त्यांचे ऋण मोठे आहे. ज्या घरांतून मुलीला शिकायला पुण्या-मुंबईला पाठवले नसते, त्या घरांतल्या मुली तिथे अभियंता झाल्या. पण नाते उलटे झाले. १९५० मध्ये प्राध्यापक कारखान्याचा अध्यक्ष होता, आता कारखान्याचा अध्यक्ष महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला. पगार देणाऱ्याला अवघड प्रश्न कोण विचारणार? उसाला पाणी किती जाते, खाली कालव्याच्या टोकाच्या गावांना किती उरते, तोडणी मजुरांच्या मुलांची शाळा हंगामात कुठे हरवते, कारखाना तोट्यात का जातो, या प्रश्नांची उत्तरे शोधायला महाविद्यालय आणि कारखाना यांच्यामध्ये केवळ एक भिंत होती. ती ओलांडली गेली असती, तर सहकाराच्या वाट्याला आलेले काही दुर्दैव तरी टळले असते.

उद्योगाने स्वतःच्या पैशाने ज्ञान उभे करणे यात मुळात गैर काहीच नाही. साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली, आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. अनेक कारखाने मिळून एक संस्था पोसतात, तेव्हा ती एकाच मालकाच्या मुठीत राहत नाही. यातून मार्ग दिसतो.

आज विद्यापीठांत नवोपक्रम आणि साहचर्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, पवईच्या आयआयटीत २००४ पासून नवउद्योगांचे उबवण केंद्र आहे. हे चांगलेच आहे. पण बहुतेक ठिकाणी सहकार्य म्हणजे सामंजस्य करारावरच्या सह्या आणि शालीसोबतचे छायाचित्र, आणि प्राध्यापकाच्या बढतीत मोजले जातात ते शोधनिबंध. शेजारच्या कारखान्याचा किंवा दूध संघाचा एखादा प्रश्न त्याने तीन वर्षे चिकाटीने सोडवला, तर त्याच्या खात्यावर काय जमा होते? हे बदलल्याशिवाय नवोपक्रमाची भाषा पोकळ राहील.

सुरुवात मोठ्या निधीने करावी लागत नाही. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने एक कारखाना, एक बाजार समिती किंवा एक औद्योगिक वसाहत निवडावी. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन आकडे गोळा करावेत, ते अहवालात मांडावेत आणि तो अहवाल वार्षिक सभेत सभासदांपुढे वाचावा. सभासद चिडतील, दुरुस्त्या सुचवतील, कदाचित अहवाल फेकूनही देतील. पुढच्या हंगामात पुन्हा जावे. गाडगीळांनी प्रवरेच्या काठाला आधी पाहणी दिली आणि मग आयुष्याची दहा वर्षे दिली. आपल्या प्राध्यापकांनी निदान तीन हंगाम तरी द्यावेत.