पाचवे बोट

गेल्या दिवाळीला पुतण्या पुण्याहून वाशीमला आला, तो मिठाईच्या खोक्याऐवजी बगलेत एक वाद्य घेऊन. सिंथेसायझर! तीस वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवलेल्या माणसाने हा शब्द वरातीतच काय तो ऐकलेला. ‘काकाजी, हे तुमच्यासाठी,’ म्हणून त्याने ते पेटीशेजारी मांडले, आणि माझ्या पेटीला सवत आणल्यासारखे मला वाटले.

वाद्य कॉर्ग या जपानी कंपनीचे. मिनीलॉग एक्सडी नावाचे, २०१९ साली निघालेले. पट्ट्या सदतीस, म्हणजे तीन सप्तके. याला संकरित म्हणतात, कारण याच्या पोटात दोन कुळे नांदतात. दोन स्वरजनक जुन्या वळणाचे, विजेच्या आंदोलनातून नाद काढणारे. तिसरा संगणकी, आकड्यांतून नाद घडवणारा. आम्हा कापसाच्या मुलखातल्यांना संकरित हा शब्द बियाण्यामुळे ठाऊक.

‘एकच पट्टी दाबा आणि धरून ठेवा,’ पुतण्या म्हणाला. मी धरली. मग त्याने एक खुंटी पिळायला लावली. कटऑफ म्हणतात तिला. डावीकडे फिरवली तसा स्वर गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा झाला, उजवीकडे फिरवली तसा पितळेसारखा लखलखला. अटॅकची खुंटी वाढवली की स्वर एकदम न येता उंबऱ्यावर थबकून आत येतो. रिलीजची वाढवली की बोट उचलल्यावरही रेंगाळतो; निघतो निघतो म्हणत पाहुणे दारात अर्धा तास बोलत राहावेत, तसा. नवशिक्याने पहिल्या दिवशी या तीन खुंट्यांखेरीज कशालाही हात लावू नये, असे माझे मत झाले आहे.

तिसऱ्या दिवशी धीर आला. चार बोटांनी चार स्वर धरले. घर भरून गेले. मग लोभाने पाचवे बोट टेकवले. पाचवा स्वर लागला, पण भरणा वाढला नाही. कान देऊन ऐकले, तो पहिला गेलेला! बोट पट्टीवर होते तसेच होते; स्वर तेवढा नव्हता.

वाद्य बिघडले नव्हते. त्याला कंठच चार. सदतीस दारे, आणि आत राहणारे चौघे. पाचवा आला की एकाने गप्प व्हायचे, आणि अशा वाद्यांत बहुधा जो सर्वांत आधी आला तोच गप्प होतो. पेटीचे तसे नाही. तिच्यात प्रत्येक पट्टीमागे तिचा स्वतःचा पितळी सूर असतो. दहा बोटे टेकवा, दहाही बोलतील. भाता तेवढा लवकर रिकामा होईल.

‘हा न्याय कुठला?’ मी विचारले. पुतण्या हसला. ‘काकाजी, नवा स्वर वाजलाच नाही तर वाटेल वाद्य बंद पडलं. जुना गेला तर कोणाला कळतही नाही.’

त्या रात्री मला झोप आली नाही.

आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. तिचे सूर ठरलेले, मींड तिला निघत नाही, हा आक्षेप. त्या बंदीविरुद्ध मी जन्मभर तावातावाने बोललो आहे. आणि आमच्या मंडळात मी काय केले? मंडळ ज्यांनी सुरू केले त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ. सगळे त्यांना आबाजी म्हणत. वयाने त्यांचा आवाज फाटला. नवी पोरे आली, तयार गळ्याची. एका कार्तिकात काकड्याच्या वेळी पेटीवर बसलेला मीच म्हणालो, ‘आबाजी, तुम्ही आता टाळ धरा, गाण्याचं पोरं पाहतील.’ त्यांनी मान हलवली. पुढे दोन वर्षे ते नेमाने येत, टाळ धरून बसत. कोणाला काही कमी पडले असे वाटले नाही.

वाद्याला कंठ चारच, ही त्याची अडचण खरी. माझी कोणती होती? भजनात गळे कोणी मोजून ठेवलेले नसतात. बेसूर का चालवून घ्यावा, असे कोणी म्हणेल, आणि मैफलीपुरते मला ते मान्यही आहे. पण भजन म्हणजे मैफल की सोबत, याचा निवाडा मी एकट्याने केला, तोही कोणाला न विचारता.

आबाजी आता पद्मतीर्थाकडे लेकाजवळ राहतात. या दिवाळीत पेटी घेऊन जायचे ठरवले आहे. त्यांची पट्टी पांढरी चार असे. आता उतरली असेल. काळी एकपासून शोधीन.